पाण्याची पाळी: सांगलीत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी मोकळ्या जागेतून शेजार जोडण्याची वाट

सांगलीत नव्या घरात आलात. सामान लागलं, गॅस जोडला, दूधवाला ठरला. आता राहिला शेजार. विश्रामबाग, कुपवाड, माधवनगर, मिरजेकडची नवी प्लॉटिंगं, कुठंही बघा. समोरच्या घरात कोण राहतं हे ठाऊक नसतं, त्यांच्या गाडीचा रंग मात्र ठाऊक असतो. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि मग एखाद्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागतं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये तिथली पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ आणि २०२१ चे पूरही इथल्या माणसांनी अंगावर घेतले. ज्या गल्लीत लोकांची एकमेकांच्या घरी ये-जा होती, तिथं कुठल्या घरात आजारी आजोबा आहेत, कुणाकडं दुचाकीसुद्धा नाही, कुणाचा मुलगा परगावी असतो, हे विचारत बसावं लागलं नाही. ती ओळख पूर यायच्या आधी झालेली असावी लागते.

ही ओळख करून घ्यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कॉलनीतली मोकळी जागा. ओपन स्पेस असेल, नाल्याकडेची पट्टी असेल, देवळामागचं आवार असेल, नाहीतर रस्त्याच्या कडेची चार झाडं. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. वृक्षारोपणाच्या दिवशी जमलेली माणसं फोटो काढून घरी जातात. शेजार जमतो तो पुढं, फेब्रुवारी ते जून या महिन्यांत, आज पाणी कुणी घालायचं हे ठरवताना. म्हणून पुढचं सगळं नियोजन त्या पाच महिन्यांवर नजर ठेवून करायचं आहे.

आधी नुसतं बघा

पहिले पंधरा-वीस दिवस काहीही लावू नका, साफ करू नका, कुणाला काही सुचवू नका. सकाळी सहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी आणि रात्री जेवणानंतर एक फेरी मारा. रिकामी दिसणारी जागा सहसा रिकामी नसते. उन्हाळ्यात तिथं बायका कुरडया, सांडगे, गहू वाळत घालतात. पोरांचं क्रिकेट असतं. कुणाची तरी म्हैस दुपारी सावलीला बसते. बांधकामावरच्या मजुरांची मुलं तिथं खेळतात. कुणी रोज वाळका पाला पेटवतो. रात्री एका कोपऱ्यात बाटल्या पडतात.

हे सगळं एका वहीत लिहून काढा. कारण तुम्ही 'बाग करूया' म्हणालात की यातल्या प्रत्येकाला वाटणार, आपली जागा गेली. ज्या पोरांची खेळपट्टी तुम्ही खड्डे काढून मोडाल, तीच पोरं तुमची रोपं उपटतील आणि त्यांचं फारसं चुकलेलंही नसेल. मधली जागा मोकळी सोडायची, झाडं कडेनं लावायची. माझ्या मते यात तडजोड करू नये.

याच दिवसांत आधीपासून असलेली झाडं ओळखून घ्या. कुठलं झाड काय आहे हे कळत नसेल तर एखाद्या सकाळी सांगलीतल्या आमराई बागेत जा. तिथं फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांपैकी झाडांची नावं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. कॉलनीत एखादा जुना वड, पिंपळ, चिंच किंवा कडुनिंब असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. त्याच्याखाली आधीच माणसं बसत असतात. नव्या रोपांपेक्षा आधी त्या झाडाच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी करणं आणि त्यात ठोकलेले फलकांचे खिळे काढणं जास्त मोलाचं आहे.

जागा कुणाची, हे कागदावर पाहा

बिगरशेती प्लॉटिंगचं रेखांकन मंजूर होताना मोठ्या ले-आउटमध्ये साधारण १० टक्के जागा खुली सोडावी लागते. तीच ही ओपन स्पेस. मंजूर रेखांकनाची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागात मिळते. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा पाहून जागेवर नाव कुणाचं आहे तेही बघा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. एखाद्याच्या खासगी प्लॉटला आपण ओपन स्पेस समजत होतो असंही निघतं, आणि तिथं झाडं लावून झाल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. या तिन्ही ठिकाणी गुंठेवारीच्या वसाहती पुष्कळ. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं त्यातल्या अनेक नियमित झाल्या, पण एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जाताना बहुतेक ठिकाणी मोकळी जागा कुणी सोडलीच नव्हती. तुम्ही अशा वसाहतीत असाल तर निराश होऊ नका. महापालिकेच्या शाळेचं मैदान, देवळाचं किंवा दर्ग्याचं आवार, अंगणवाडीसमोरची पट्टी, रस्त्याची रुंद कड, यांतलं काहीतरी असतंच. तिथं मुख्याध्यापक, पुजारी किंवा मुजावर यांच्याशी आधी बोला. खरं सांगायचं तर अशा वसाहतींत शेजार लवकर जमतो. घरं लहान असल्यामुळं माणसं तशीही दाराबाहेरच बसलेली असतात.

जागा महापालिकेची असेल तर आयुक्तांच्या नावे साधा अर्ज द्या. त्यात देखभालीची परवानगी मागा, मालकीचा किंवा कुंपणाचा विषय काढू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढं कधी कुणी विचारलं तर तो शिक्काच कामाला येतो. आणि जागेवरच्या जुन्या झाडाची फांदीसुद्धा परस्पर तोडू नका. शहरी भागातली झाडं १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली येतात आणि तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. तुमच्या कॉलनीतल्या चिंचेला तो लागू होत असेल तर ही गोष्ट सगळ्यांना सांगा. झाडाकडं बघण्याची नजर बदलते.

दारोदार जा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नंतर. आधी दार वाजवा. एकट्यानं जाऊ नका, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष मिळून जा आणि बरोबर कॉलनीत जुनं कुणीतरी असू द्या. प्रत्येक गल्लीत सगळ्यांना ओळखणारी एक मावशी किंवा एक अण्णा असतातच. त्यांना आधी भेटा. 'मी नवीन आहे, मला इथलं काही माहीत नाही, तुम्ही सांगा' हे म्हणायला लाजू नका. नवखेपणाचा हा फायदा फार दिवस राहत नाही, तेवढ्यात वापरून घ्या.

विचारायचं ते एवढंच: 'या जागेत तुम्हाला काय हवंय, आणि काय अजिबात नकोय?' 'काय नको' याचं उत्तर लोक जास्त मनापासून देतात. एक काकू म्हणतील, मोठं झाड दारासमोर नको, पाला पडतो. कुणी म्हणेल, कट्टा नको, रात्री टोळकं बसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या वहीत उतरवून घ्या आणि नंतर त्यांतली एक तरी पाळलेली त्या माणसाला दिसू द्या.

घरमालकांच्या दारावरच थांबू नका. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणारी मुलं, कॉलेजसाठी खोली घेऊन राहिलेल्या मुली, वॉचमनचं कुटुंब, परप्रांतातून आलेले कारागीर. हे सगळे याच जागेवरून रोज जातात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. अशा घरांतून येणारी मदत टिकते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. रात्रपाळीवरून सकाळी सातला परतणारा माणूस झोपण्याआधी चार बादल्या घालून जातो आणि त्याबद्दल कुठं बोलतही नाही.

पहिला रविवार

सकाळी सातला सुरू, नऊला बंद. नऊनंतर कितीही उत्साह असला तरी थांबायचं. दमून घरी गेलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

पहिल्या दिवशी झाडं लावू नका. कचरा उचला, काचा वेचा, काँग्रेस गवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटा. हातमोजे घाला, त्या गवतानं अंगाला खाज सुटते. कुदळ, टिकाव, फावडं, घमेली, पहार, खुरपी विकत आणू नका, मागून आणा. 'आप्पा, तुमची पहार जरा देता का?' असं म्हणत दुसऱ्याच्या दारात जाणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि पहार परत द्यायला पुन्हा जावं लागतं. गणेशोत्सव मंडळातली आणि तालमीतली पोरं खड्डे काढायला खुशीनं येतात, फक्त त्यांना आदल्या दिवशी सांगा आणि काम नेमकं द्या. चहा एकाच घरून सगळ्यांचा येऊ देऊ नका. दूध एका घरचं, साखर-पत्ती दुसऱ्या घरची, चटणी-भाकरी तिसऱ्या घरची. गावाकडं सावडीनं किंवा इर्जिक घालून, म्हणजे एकमेकांच्या मदतीला जाऊन, कामं व्हायची तेव्हा जेवण हा त्याचा भाग असायचाच.

पैशाबद्दल थोडक्यात. सुरुवातीला वर्गणी काढू नका. लागलीच तर दोघांच्या सहीनं वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा सर्वांसमोर वाचून दाखवा. नोंदणीकृत संस्था वगैरे पहिल्या वर्षी लागत नाही.

फलक लावू नका. ना नगरसेवकाचा, ना देणगीदाराचा, ना तुमच्या गटाचा. एक नाव लागलं की ज्यांचं लागलं नाही ती घरं मागं सरतात. एखादा झेंडा किंवा नवी मूर्ती बसवण्याचा विषय निघाला तर तिथंच, प्रेमानं पण स्पष्ट, नको म्हणा. जागा सगळ्यांची राहिली तरच हे सगळं करण्यात अर्थ आहे.

काय लावायचं

सांगलीत पाऊस बेताचा असतो. पूर येतो तो वरच्या कोयना-वारणेच्या पाणलोटात पाऊस कोसळल्यामुळं. त्यामुळं इथल्या झाडाला दोन टोकं सोसावी लागतात: उन्हाळ्यात कोरडं ठक्क आणि सखल भागात ऑगस्टमध्ये गुडघाभर पाणी. त्यात माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी, आणि एप्रिलमध्ये भेगाळणारी.

उंचावरच्या जागेसाठी कडुनिंब, बहावा, बकुळ, चिंच, शिरीष. पाणी साचणाऱ्या जागेसाठी करंज, अर्जुन, जांभूळ, ताम्हण. करंज आणि अर्जुन थोडी क्षारपड जमीनही सोसतात, आणि कृष्णाकाठच्या पट्ट्यात क्षारपड जमीन थोडीथोडकी नाही. बहाव्याच्या पानाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून जिथं म्हशी बसतात तिकडच्या कडेला तो लावा. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प. उन्हाळ्याच्या तोंडावर फुलायला लागलं की रस्त्यावरून जाणारी माणसं आपोआप थांबतात. वड आणि उंबर एखादंच, पण घरांच्या भिंती, गटारी आणि टाक्यांपासून चाळीस फूट तरी लांब. उंबर लावलात तर पाखरांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. विजेच्या तारांखाली मोठं झाड अजिबात नको. महावितरणची माणसं दर उन्हाळ्यात ते छाटणार आणि दर उन्हाळ्यात कॉलनीत भांडण होणार. तिथं पारिजातक, तगर, कढीपत्ता.

गुलमोहोर आणि रेनट्री झटपट सावली देतात म्हणून लोक मागतात. दोन्ही बाहेरून आलेली झाडं, आणि एप्रिल-मेच्या वळवात त्यांच्या फांद्या मोडून गाड्यांवर पडलेल्या सांगलीकरांनी पाहिलेल्या आहेत. मी लावणार नाही. सुबाभूळ तर मुळीच नको, एक लावली की बी पडून सगळीकडं उगवते.

रोपं सामाजिक वनीकरण किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेतून घ्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या वनमहोत्सवाच्या सुमारास ती सवलतीत मिळतात, मात्र मागणी आधी नोंदवून ठेवा. पाच-सहा फूट उंचीचं, दोन-तीन वर्षं पिशवीत वाढलेलं रोप घ्या. वीतभर रोपं शंभर मिळत असली तरी ती शेळीच्या एका फेरीत संपतात.

किती लावायची? जेवढ्यांना मे महिन्यात पाणी मिळेल तेवढीच. हिशोब सोपा आहे. वीस झाडं, आठवड्यातून दोनदा, दर वेळी १५ लिटरची एक बादली. म्हणजे आठवड्याला ४० बादल्या, ६०० लिटर. दहा घरं पक्की असतील तर घरटी चार बादल्या. चार बादल्या कुणालाही जमतात, दहा जमत नाहीत. दहाच घरं तयार असतील तर वीसच्या वर एकही झाड लावू नका, कुणी शंभर रोपं फुकट दिली तरीसुद्धा.

खड्डा आणि वाफसा

खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवा, दोन फूट लांब, रुंद, खोल. ऊन लागलं की मातीतली कीड मरते. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि भरताना वरची माती, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरा. प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणारी मळी, मिळाली तर चांगलीच, पण पूर्ण कुजलेली हवी. ताजी गरम असते, मुळं भाजतात.

मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, जमीन खोलवर भिजू द्या आणि वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की, लावा. काळ्या मातीत चिखलात लावलेल्या रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही. सखल जागी मातीचा फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. पिशवी ब्लेडनं कापून काढा, मुळं गोल गुंडाळलेली असतील तर हातानं मोकळी करा. दोन बाजूंना दोन बांबू, आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. वायर कधीच नको, वर्षभरात ती खोडात रुतते.

मग आच्छादन. या जिल्ह्यात उसाच्या पाचटाला तोटा नाही. तोडणीच्या हंगामात एखाद्या शेतकऱ्याला विचारलं तर चार भारे मिळून जातात. कॉलनीतला वाळका पाला तर दारातच आहे. चार बोटं जाडीचा थर द्या, खोडापासून चार बोटं लांब ठेवून, म्हणजे वाळवी लागत नाही. आच्छादन असलेल्या जमिनीला भेगा कमी पडतात आणि मुळं तुटत नाहीत. उरलेला पाला तीन-तीन फुटांच्या खड्ड्यात शेणाचं पाणी शिंपडत रचला तर चार-सहा महिन्यांत खत होतं. पाला पेटवणाऱ्या काकांना हा खड्डा दाखवा आणि त्याची जबाबदारी त्यांनाच द्या. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे हे सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पाण्याची पाळी

आता मूळ गोष्ट. इथल्या बहुतेक घरांची मुळं वाळवा, पलूस, तासगाव, खानापूर, जत अशा कुठल्यातरी तालुक्यातल्या गावात असतात. शेताला पाण्याची पाळी येणं म्हणजे काय, ती चुकली की काय होतं, रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर का जायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. कॉलनीत तीच पाळी लावायची आहे.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला की पाळी सुरू करा, आठवड्यातून एकदा. फेब्रुवारीपासून दोनदा. प्रत्येक दिवसाला दोन घरं द्या आणि ती शेजारशेजारची नकोत. गल्लीच्या या टोकाचं एक, त्या टोकाचं एक. एक घरमालक, एक भाडेकरू. एक निवृत्त जोडपं, एक लहान मुलांचं घर. ज्यांचा एरवी कधी संबंध आला नसता अशी माणसं सकाळी पावणेसातला एकाच नळापाशी उभी राहिली पाहिजेत. बादली भरेपर्यंत दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत माणसं बोलतात. 'काय ओ, काल दिसला न्हाई?' इथून सुरुवात होते. दर दोन महिन्यांनी जोडी बदला, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत प्रत्येक घराची चार घरांशी गाठ पडते.

पाळीचा तक्ता एका काळ्या फळ्यावर खडूनं लिहा आणि तो नळापाशी, सगळ्यांना दिसेल असा टांगा. फोनमधला तक्ता कुणी बघत नाही आणि आजी-आजोबांना तो दिसतही नाही. ज्यांना बादली उचलवत नाही त्यांच्याकडं फळा द्या. पुसायचा, लिहायचा, कुणाची पाळी आहे हे येता-जाता आठवण करून द्यायची. हे काम त्यांच्याइतकं चोख कुणी करत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यानंतर काढा आणि त्यावर 'आज नळाला पाणी नाही' एवढ्याच कामाचं बोला. शुभ सकाळचे फुलं-दिवे तिथं नकोत.

काही घरांची अडचण आधीच ओळखून ठेवा. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणजे नेमक्या पाणी वाढवायच्या दिवसांत. ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांना तेव्हा पाळी देऊ नका, एप्रिलमध्ये द्या. मे महिन्यात लोक गावी जातात, जत्रा-लग्नं असतात. गावी जाणाऱ्यानं जाण्याआधी स्वतः दुसऱ्याच्या दारात जाऊन पाळी बदलून घ्यायची, हा एकच नियम ठेवा. यातून होणारी ये-जा पाण्याइतकीच महत्त्वाची आहे. रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरांशी बोलून त्यांना सोयीची वेळ ठरवा, कुणाला पहाटे सहरीनंतरची वेळ बरी पडते, कुणाला नाही.

कुणाची पाळी चुकली तर ग्रुपवर लिहू नका. जोडीदारानं दार वाजवून विचारावं, 'बरं हाय ना घरात?' बहुतेक वेळा घरात कुणीतरी आजारी असतं. अशा वेळी पाळीचं बाजूला राहतं आणि कुणी डबा घेऊन जातं, कुणी दवाखान्यात सोबत जातं. पाळी लावण्याचं खरं कारण हेच आहे.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी घालू नका. काळ्या मातीत जास्त पाण्यानंही रोपं मरतात. बुडाला लहान भोक पाडून त्यात कापडी वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरलं तर पाणी हळूहळू झिरपत राहतं. त्यावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. बोअरचं पाणी खारट असेल तर तेच सतत घालू नका.

नदीकाठ असेल तर

सरकारी घाट, विष्णू घाट किंवा हरिपूरच्या संगमेश्वराकडं राहत असाल तर वेळापत्रक वेगळं. पुराची पातळी येते त्या पट्ट्यात जूनमध्ये रोपं लावू नका, ती गाळाखाली जातात. पूर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याच ताज्या गाळात लावा: वाळुंज, करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ. ही झाडं काठाची माती धरून ठेवतात. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्का कट्टा, ओटा, शेड काहीही बांधण्याचा आग्रह कुणी धरला तरी मान्य करू नका.

कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरपासून हरिपूरपर्यंत त्या दिसतात आणि थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या असतात. घाट साफ करताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही, मुलांना पायरीच्या खाली सोडायचं नाही. झुडुपांत साप दिसला तर मारू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. निर्माल्यासाठी घाटावर वेगळं पिंप ठेवा, विसर्जनाच्या दिवसांत ते दिवसातून दोनदा रिकामं करावं लागतं.

सणवार जागेवर आणा

यासाठी नवे कार्यक्रम शोधायची गरज नाही. वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणण्याऐवजी कॉलनीतल्या वडाला सगळ्या बायका एकत्र जाऊ लागल्या की त्या झाडाला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. नागपंचमीला मजबूत फांदी असेल तर झोका. हस्ताच्या दिवसांत मुलींचा हादगा याच जागेत खेळू द्या, खिरापत रोज वेगळ्या घरची. ती ओळखताना अख्ख्या गल्लीला कळतं की कुणाकडं काय चांगलं होतं. कोजागिरीला दूध आटवा. होळीच्या आठवड्यात मात्र पोरांवर लक्ष ठेवा, ओल्या फांद्या तोडू नयेत म्हणून वाळकी लाकडं आणि गोवऱ्या तुम्हीच आधी गोळा करून द्या. ईदला किंवा महावीर जयंतीला त्या त्या घरचं सरबत याच झाडाखाली वाटलं जाऊ दे.

हिवाळ्यात एकदा सगळ्यांनी मिळून सागरेश्वरला जा. देवराष्ट्र्याजवळचं हे अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी झाडं वाढवली, हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. वीस झाडांना पाणी घालून कंटाळलेल्या माणसानं तिथल्या सांबरांच्या वाटेवरून चालून यावं.

दुसरं वर्ष

पुढच्या जूनमध्ये सगळ्यांनी मिळून मोजणी करा. किती जगली, किती मेली, हे फळ्यावर लिहा, कुणाच्या पाळीत मेली ते लिहू नका. मेलेल्यांच्या जागी नवी लावा, संख्या वाढवायच्या मागं लागू नका. झाडाला साधारण तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, त्यानंतर करंज-कडुनिंब स्वतःचं बघतात. ज्या कडेची झाडं मोठी झाली तिथली पाळी बंद करून ती घरं दुसऱ्या पट्टीला जोडा, शक्य असेल तर शेजारच्या गुंठेवारीतल्या शाळेच्या मैदानाला.

आणि फळा दुसऱ्या कुणाकडं तरी सोपवा. वर्षभरात कॉलनीत नवं कुणी राहायला आलं असेल तर त्यांच्याकडंच. पहिल्या आठवड्यात सोबत फिरून सगळी घरं दाखवा, कुठल्या घरी बेल चालत नाही, कुठं कुत्रं आहे, कुठल्या आजी मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकत नाहीत, हे सांगा, आणि खडूचा डबा त्यांच्या हातात द्या.